‘गोळ्या थांबवा, नावं लावा’: त्या संदेशाला माझं उत्तर

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एका ओळखीच्या बाईने मला गर्दीतून बाजूला ओढलं, मोबाइल पुढे केला आणि म्हणाली, ‘ताई, हे खरं काय? मी आठ दिवस गोळी घेतली नाही.’ (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

तो संदेश तुमच्याकडेही आला असेल. डिचोली, पेडणे, सत्तरीकडच्या ग्रुपांवर तो फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एचआयव्हीच्या सरकारी गोळ्या म्हणजे विष, रिपोर्ट चांगला आला की त्या बंद करा. गोळ्या घेणारेही रोग पसरवतातच. म्हणून त्यांची नावं पंचायतीत लावा, लग्नाआधी चाचणी सक्तीची करा. आणि शेवटी, एका गावठी औषधाने हा रोग मुळासकट जातो. मी बरीच वर्षं चाचणी केंद्रात समुपदेशक म्हणून काम केलं. आठ दिवस गोळी चुकली याचा अर्थ मला कळतो, म्हणून हे लिहायला बसले.

‘गोळ्या म्हणजे विष.’ ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे. भारतात 1 एप्रिल 2004 पासून मोफत औषधं मिळू लागली, तेव्हाच्या गोळ्यांत स्टॅव्हुडिन असायचं. त्याने गाल बसायचे, पायांना मुंग्या यायच्या. माणूस जगायचा, पण चेहऱ्यावरून ओळखू यायचा. ते औषध केव्हाच मागे पडलं. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकत्र असतात. तिचे दुष्परिणाम नाहीतच असं मी म्हणणार नाही. टेनोफोव्हिरने काहींच्या किडनीवर ताण येतो, म्हणून रक्त तपासून क्रिएटिनिन बघतात, त्यावरून किडनी कशी चाललीय ते कळतं. डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोप उडते, काहींचं वजन वाढतं. हे डॉक्टरांना सांगायचं असतं, ते औषध बदलूनही देतात. सांगायचं सोडून बाटली माळ्यावर टाकली तर काय होतं, हेही तपासून झालंय. ‘स्मार्ट’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात 5,472 जण होते. त्यांतल्या एका गटाचं औषध सीडी फोर पेशी (रोगांशी लढणाऱ्या, एचआयव्ही ज्यांना मारतो त्या) चांगल्या असताना थांबवून, त्या घटल्या की परत सुरू करत. 2006 च्या जानेवारीत त्या गटाला पुन्हा औषधावर आणावं लागलं, कारण त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त दिसले.

‘रिपोर्ट चांगला आला की बंद करा’ आणि ‘गोळ्या घेणारेही पसरवतात’ ही दोन्ही वाक्यं एकाच संदेशात आहेत. विषाणू गेला म्हणून गोळी नको, आणि विषाणू आहे म्हणून माणूस धोक्याचा! लिहिणाऱ्याने दोन्हींतलं एक तरी ठरवायचं होतं.

व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या चाचणीच्या, रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलं म्हणजे रक्तात विषाणू इतका कमी झाला की यंत्राला सापडत नाही. तो शरीरातून गेलेला नसतो. काही पेशींच्या आत तो गप्प बसून राहतो, गोळी त्याला बाहेर वाढू देत नाही. गोळी थांबली की बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत तो पुन्हा रक्तात येतो, आणि तेव्हा जोडीदारालाही धोका सुरू होतो. म्हणजे या संदेशावर विश्वास ठेवून ज्याने गोळी सोडली, त्याच्याकडूनच रोग पसरण्याची भीती. ज्याने रोज घेतली, त्याच्याकडून नाही.

‘नाही’ हा शब्द मी तोलून वापरलाय. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि औषधाने विषाणू दबलेला, दुसरा निगेटिव्ह, अशी 888 जोडपी होती. त्यांनी मिळून कंडोमशिवाय सुमारे 58,000 वेळा संबंध ठेवले. 2016 साली निष्कर्ष आला: जोडीदाराकडून लागण शून्य. काही जणांना या काळात एचआयव्ही झालाही, पण दोघांचे विषाणू जनुकांच्या पातळीवर ताडून पाहिल्यावर ते जुळले नाहीत, लागण बाहेरून झालेली होती. 2019 साली पुरुष जोडप्यांच्या अभ्यासातही, सुमारे 76,000 संबंधांनंतर, उत्तर तेच आलं. आईकडून बाळाला होणारी लागण काहीच केलं नाही तर 15 ते 45 टक्के असते, उपचाराने ती 5 टक्क्यांच्या खाली येते.

याला मर्यादा आहेत त्याही सांगते. औषध सुरू केल्यावर विषाणू दबायला सहा महिनेही लागतात, तो दबलाय हे रिपोर्टवर दिसायला हवं आणि गोळी रोज जायला हवी. शून्याची ही गोष्ट शरीरसंबंधांपुरती आहे. एकाच सुईने टोचून घेणाऱ्यांना किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला ती तशीच लागू होत नाही. गुप्तरोगांपासून गोळी वाचवत नाही, तिथे कंडोमच हवा.

आता नावं लावण्याचं. हा प्रयोग गोव्याने केलेला आहे, आणि निदान आपण तरी तो विसरायला नको. 1989 साली पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलीस घेऊन गेले. तो नियमित रक्तदान करायचा, त्याच रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही सापडला. तेव्हाच्या कायद्यात सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद होती. म्हापशात क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत त्याला 64 दिवस एकटं कोंडलं. आईने न्यायालयात धाव घेतली. पुढे 1992 साली त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून रक्त देणारा माणूस होता तो.

मग 14 जून 2004, वास्कोची बायणा. भर पावसात तिथली देहविक्री करणाऱ्या बायकांची वस्ती पाडली. ही वस्ती हटवायची मागणी करताना एचआयव्हीचंही कारण पुढे केलं जायचं. धंदा थांबला नाही. बायका लॉजवर, रस्त्यावर, दुसऱ्या गावांत पांगल्या आणि कंडोम, तपासणी, औषध घेऊन त्यांच्यापर्यंत जाणाऱ्यांना त्या सापडेनाशा झाल्या.

भीती कशी काम करते ते मी रोज बघत होते. गोळ्यांची प्लास्टिकची बाटली पर्समध्ये वाजते. कदंबा बसमध्ये शेजारचीने ‘कसल्या गोळ्या गो?’ विचारू नये म्हणून एक बाई बाटलीत कापूस कोंबायची. लेबल आधीच खरवडून काढलेलं. कोणी जवळचं केंद्र सोडून तीन बस बदलत लांब जायचं, तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही म्हणून. चवथीला मूळ घरी वीस माणसं जमली की गोळी घ्यायला कोपरा मिळत नाही आणि चार दिवस चुकतात. नाव फक्त केंद्राच्या कागदावर असताना ही स्थिती. ते पंचायतीच्या फलकावर लागलं तर तपासणीला कोण येईल?

2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. न्यायालयाचा आदेश वगैरे कायद्यातले मोजके अपवाद सोडले, तर त्या माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवल्यास तीन महिने ते दोन वर्षं कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्रुप ॲडमिननी हे नीट वाचावं.

लग्नाआधीची सक्ती: अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने 1988 साली ती आणली. पहिल्या सहा महिन्यांत 70,846 जणांत 8 पॉझिटिव्ह सापडले, असंख्य जोडपी शेजारच्या राज्यात जाऊन लग्नं करू लागली आणि 1989 मध्ये कायदा मागे घेतला. आपल्याकडे लग्नाच्या नोंदणीत पहिल्या सहीला रिपोर्ट मागितला तर लोक सावंतवाडी गाठतील. शिवाय ताजी लागण चाचणीत लगेच दिसत नाही, आणि लग्नानंतरचं काय? दोघांनी आपणहून एकत्र चाचणी करावी, हे मी प्रत्येक जोडप्याला सांगत आलेय. केंद्रात ती मोफत होते.

गावठी औषधाबद्दल एवढंच: एचआयव्ही पूर्ण गेलेली माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकी, तीही बहुतेक कॅन्सरसाठी अस्थिमज्जा बदललेली. आणि काढा विकणारे बरोबर कॅल्शियम, लोहाच्या गोळ्याही देतात. त्या डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर उपाशीपोटी घेतल्या तर औषध अंगी लागत नाही. मध्ये अंतर किती ठेवायचं ते केंद्रात विचारा.

त्या बाईने त्याच संध्याकाळी गोळी पुन्हा सुरू केली. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नसतात, त्या दिवसाची एक घ्यायची. बाजारातूनच आम्ही तिच्या केंद्राला फोन लावला, तिथे कोणी रागावलं नाही, तपासणीची तारीख दिली. कोणाला तिथला नंबर माहीत नसेल तर 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

ज्यांनी हा संदेश पुढे ढकललाय, त्यांनी तो त्याच ग्रुपवर ‘चूक होती’ असं लिहून मागे घ्यावा. तिला तो आला तो ग्रुप तिच्या वाड्याचा. पाठवणारा तिच्या घरातलाच एक. त्याला काही माहीत नाही.