हळदीच्या पाण्याने गाठीचा रक्तपुरवठा तुटत नाही

कर्करोगाबद्दलचा एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात म्हटलंय: गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवते, हे काम व्हीईजीएफ नावाचं घातक प्रथिन करतं, हळद ते बंद पाडते, म्हणून रोज उपाशीपोटी हळदीचं पाणी प्या, गाठ उपासमारीने मरेल, केमो नको.

पहिलं विधान खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर पुढचं खपतं. नव्या वाहिन्या मिळाल्या नाहीत तर गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारशी वाढत नाही, हे ज्युडा फोकमन या अमेरिकन सर्जनने १९७१ मध्येच मांडलं होतं.

‘घातक प्रथिन’ हे मात्र साफ चूक. पेशींना प्राणवायू कमी पडला की त्यांच्यात एचआयएफ नावाचं प्रथिन साठतं आणि ते व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. बाहेर पडलेलं व्हीईजीएफ जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींवर, त्यांच्या रिसेप्टरवर म्हणजे संकेत पकडणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतं. मग त्यांतली एक पेशी पुढे होते. बारीक तंतू काढून चाचपत ती व्हीईजीएफ जास्त असेल तिकडे सरकते आणि नॉच या संकेतातून शेजारच्या पेशींना मागेच थोपवते. सगळ्याच पुढे धावल्या तर नळी नीट बनत नाही. मागे राहिलेल्या पेशी विभागत जातात, तेव्हा ती लांबते. जखम भरताना हेच घडतं, गर्भ वाढतानाही हेच. उंदरांच्या गर्भात व्हीईजीएफच्या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बंद केली तरी गर्भ जगले नाहीत, असं १९९६ मध्ये दिसलं. गाठ हीच यंत्रणा स्वतःसाठी राबवून घेते.

आता हळद. प्रयोगशाळेत पेशींवर थेट कर्क्युमिन हे हळदीतलं द्रव्य घातलं की व्हीईजीएफ कमी होताना दिसतं, हे खरं. पण हळदीत कर्क्युमिन असतं तीनेक टक्के. पोटातून गेलेलं बरंचसं शोषलंच जात नाही. जे शोषलं जातं त्याचं आतडं आणि यकृत लगेच रूपांतर करतात.

आणि खरोखर व्हीईजीएफ अडवणारं औषध आहे की! बेव्हॅसिझुमॅब. अमेरिकेत त्याला २००४ मध्ये मंजुरी मिळाली. पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केमोसोबत ते दिलं, तेव्हा रुग्णांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १५.६ वरून २०.३ महिन्यांवर गेलं. महिने वाढले, ही मोठीच गोष्ट; पण गाठ उपाशी मरून नाहीशी झाली नाही, कारण तिला वाहिन्या मिळवायचे दुसरे मार्गही सापडतात. शिवाय या औषधाने रक्तदाब वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो, जखमा भरायला वेळ लागतो, क्वचित आतड्याला छिद्रही पडतं. हळदीने खरंच एवढं व्हीईजीएफ बंद पडत असतं, तर रोज हळद खाणाऱ्या घरांत साधी कापल्याची जखमही लवकर भरली नसती.

‘केमो नको’ या दोन शब्दांचा मला सगळ्यात राग येतो. न पसरलेल्या चार प्रकारच्या कर्करोगांत फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट होता, असं अमेरिकेतल्या २०१८ च्या अभ्यासात आढळलं. बरे होऊ शकणारे रुग्ण होते हे. आमटीतली हळद खुशाल चालू ठेवा. कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेत असाल तर कर्करोगतज्ज्ञांना आधी सांगा, कारण या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.