व्हाइट सॉक्स, आता विकणं बास!

शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाने आता चांगले खेळाडू विकणं थांबवलं पाहिजे. गेली दोन वर्षं ज्याच्याशी बेसबॉलवर बोलतो त्याच्याशी माझा वाद इथेच येऊन थांबतो, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतोय. इथले माझे बरेचसे मराठी मित्र शिकागोच्याच दुसऱ्या संघाचे, म्हणजे कब्सवाले आहेत. त्यांनीही वाचावं.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी: 2024 च्या मोसमात सॉक्सने 162 पैकी 121 सामने गमावले. आधुनिक काळात एका मोसमात इतके पराभव कुठल्याच संघाच्या वाट्याला आलेले नाहीत. 1962 चा न्यूयॉर्क मेट्सचा 120 चा विक्रम मोडला. मध्ये एकदा तर सलग 21 सामने हरले. 35व्या स्ट्रीटवर रेड लाइनमधून उतरून मैदानावर जावं तर वरचा मजला रिकामा, आणि खाली बसलेले थोडेफार लोक एका सुरात मालकाला उद्देशून ओरडतायत, ‘सेल द टीम!’ (संघच विकून टाका!) 121वा पराभव झाला 27 सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये. त्याच सामन्यात त्याच मैदानावर डेट्रॉइटच्या टायगर्सनी दहा वर्षांनी प्लेऑफ गाठली. आणि हे टायगर्स कोण? 2003 मध्ये 119 सामने हरलेले आणि 2006 मध्ये वर्ल्ड सिरीज म्हणजे अंतिम फेरी खेळलेले. 2019 मध्ये पुन्हा 114 हरलेले. म्हणजे गाळात गेलेला संघ वर येतो, यात वादच नाही. प्रश्न एवढाच की तो वर आणायचा कसा.

आपल्याला आयपीएलची सवय. मुंबई इंडियन्स 2024 ला तळाला होते, मग मोठा लिलाव झाला आणि पुढच्याच वर्षी प्लेऑफमध्ये. बेसबॉलमध्ये असा लिलाव नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, अठरा ते बावीस वर्षांची पोरं निवडायची, खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये तीन-चार वर्षं घासायची, आणि त्यातली मोजकीच वर पोचतात. पोचलेल्या खेळाडूवर संघाचा साधारण सहा वर्षं हक्क असतो. पहिली तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो (2025 मध्ये हा आकडा 7 लाख 60 हजार डॉलर होता), पुढे पगार वाढत जातो आणि सहा वर्षांनी तो कुठल्याही संघात जायला मोकळा. म्हणून हरणारे संघ काय करतात, तर हक्काची दोन-तीन वर्षं उरलेला आपला सगळ्यात भारी खेळाडू दुसऱ्याला देतात आणि बदल्यात तीन-चार होतकरू पोरं घेतात. याला रीबिल्ड म्हणतात.

सॉक्सने हे सगळं एकदा करून झालंय, आणि अगदी व्यवस्थित केलं होतं. डिसेंबर 2016 मध्ये आमचा सगळ्यात भारी पिचर (चेंडू टाकणारा) क्रिस सेल बोस्टनला दिला, मोंकाडा आणि कोपेक ही होतकरू पोरं आणली. ॲडम ईटन वॉशिंग्टनला दिला, जिओलिटो आणला. पुढच्या वर्षी किंताना दिला तो थेट कब्सना, आणि एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ आणले. तेव्हा सगळे जाणकार म्हणायचे की रीबिल्ड करावं तर असं. 2021 मध्ये 93 विजय, डिव्हिजन (पाच संघांचा गट) जिंकली. 2022 मध्ये बरोबर 81 विजय, 81 पराभव. 2023 मध्ये 101 पराभव. फळ धरायच्या आधीच झाड वठलं.

का? दुखापती झाल्या, हे मान्य. पण माझ्या मते खरं कारण म्हणजे रीबिल्डचा दुसरा अर्धा भाग झालाच नाही. पोरं तयार झाली की त्यांच्याभोवती पैसे ओतून संघ पुरा करायचा असतो. 2019 च्या सुरुवातीला मॅनी मचाडो मोकळा होता. त्याला आणायचं म्हणून त्याचा मेव्हणा यॉन्डर अलोन्सो आणि मित्र जॉन जे, दोघांनाही संघात घेतलं. बातम्यांनुसार सॉक्सचा प्रस्ताव आठ वर्षांसाठी 25 कोटी डॉलरचा होता. सॅन डिएगोने दहा वर्षांसाठी 30 कोटी दिले, मचाडो तिकडे गेला. मेव्हणा आणि मित्र आमच्याकडे. त्यानंतर वर्षानुवर्षं राइट फील्ड आणि सेकंड बेस या मैदानावरच्या जागा तात्पुरत्या माणसांवर चालवल्या. शिकागो हे अमेरिकेतलं तिसरं मोठं शहर, आणि या क्लबचा इतिहासातला सर्वांत मोठा करार म्हणजे बेनिन्टेंडीचा, साडेसात कोटी डॉलरचा! इतर संघांत हे आकडे दुसऱ्या फळीच्या खेळाडूंना मिळतात.

आणि संघ ऐन उमेदीत असताना मॅनेजर (मैदानावरचा मुख्य प्रशिक्षक) कोण आणला, तर 76 वर्षांचे टोनी ला रुसा, ज्यांनी 2011 नंतर डगआउट सांभाळला नव्हता. 1986 मध्ये त्यांना काढल्याची खंत मालक जेरी रेन्सडॉर्फ यांना होती, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खंत मालकाची, किंमत संघाने मोजली.

सेलचं पुढे काय झालं? 2018 मध्ये बोस्टनसोबत वर्ल्ड सिरीज. आणि 2024 मध्ये, आम्ही 121 सामने हरत होतो त्याच मोसमात, अटलांटाकडून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. पुढे सॅन डिएगोचा स्टार झालेल्या फर्नांडो टाटिस ज्युनिअरचं तर नाव काढलं तरी जीव तुटतो. 2016 च्या जूनमध्ये, सतरा वर्षांचा असताना, पिचर जेम्स शील्ड्ससाठी देऊन टाकला.

आता सध्याचं बघू. डिसेंबर 2024 मध्ये आमचा मुख्य पिचर गॅरेट क्रोशे बोस्टनला गेला. तेव्हाही मला वाईट वाटलं, पण तो ट्रेड चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. काइल टील, चेस माइड्रॉथ, ब्रेडन माँटगोमेरी आणि विकेलमन गोन्सालेझ असे चौघे आले, आणि टील-माइड्रॉथ 2025 मध्येच नियमित खेळू लागले. बोस्टनने क्रोशेला सहा वर्षांसाठी 17 कोटी दिले. आमच्या मालकाने ते दिले नसते. दिले नसते म्हणूनच तो विकावा लागला, हे दुखणं मात्र तसंच आहे.

मला आशा वाटते ती वेगळ्या गोष्टीमुळे. कोल्सन माँटगोमेरीचं उदाहरण घ्या. 2021 च्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). 2025 च्या एप्रिलमध्ये मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ट्रिपल-ए शार्लटला, त्याची फलंदाजीची सरासरी होती .149 (शंभरात पंधराएक हिट). बॉल बॅटला लागेचना. पूर्वीचा सॉक्स असता तर त्याला तसाच रोज मैदानात ढकलत राहिला असता. या वेळी त्याला सामन्यांतून बाहेर काढलं, ॲरिझोनाच्या केंद्रावर नेलं, आणि ओरिओल्सकडून आणलेले फलंदाजीचे प्रमुख रायन फुलर यांच्यासोबत नुसता स्विंगवर बसवला. 4 जुलैला तो मेजर लीगमध्ये उतरला आणि उरलेल्या 71 सामन्यांत 21 होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे) मारले. एकवीस!

तसाच शेन स्मिथ. ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला पिचर. मिल्वॉकी ब्रूअर्सनी त्याला राखून ठेवायच्या चाळीस खेळाडूंत घेतलं नाही, म्हणून अशा खेळाडूंसाठीच्या रूल 5 ड्राफ्टमध्ये सॉक्सने एक लाख डॉलर भरून उचलला. अशा खेळाडूला वर्षभर मुख्य संघात ठेवावंच लागतं, नाही तर परत द्यावा लागतो. तळातल्या संघाला हे परवडतं, कारण गमावण्यासारखं काही नसतं. स्मिथ त्याच वर्षी ऑल-स्टार झाला.

जनरल मॅनेजर क्रिस गेट्झ यांच्यावर मी खूप टीका केलीय, पण शिकवणारी माणसं आणण्याचं श्रेय त्यांचं. 2025 मध्ये 60 विजय झाले. 102 पराभव वाईटच, पण 41 वरून 60!

नुसतं हरून वर येण्याचे दिवसही गेलेत. ड्राफ्टमध्ये आधी कुणी निवडायचं यासाठी आता लॉटरी असते, आणि मोठ्या बाजारपेठेच्या संघाला सलग दोन वर्षं लॉटरीतला क्रमांक मिळत नाही. म्हणून 121 पराभवांनंतरही 2025 मध्ये आमची निवड दहावी होती. डिसेंबर 2025 मध्ये लॉटरी लागली, 2026 चा पहिला क्रमांक आमचा. पण हा रस्ता दर वर्षी उघडा नाही.

मग करायचं काय? कोल्सन माँटगोमेरी आणि टील, दोघांशी आत्ताच लांब मुदतीचे करार करा. यावर मला लगेच उत्तर मिळतं की मोंकाडा, हिमेनेझ, लुईस रॉबर्ट यांच्याशीही असेच करार केले होते, काय उपयोग झाला? उपयोग झाला नाही, कारण तिघांपैकी कुणी जायबंदी झाला की मागे माणूसच नव्हता. करार चुकीचे नव्हते, बाकीचा संघ रिकामा होता. अटलांटाने 2019 मध्ये आकुन्या आणि ऑल्बीझ या तरुण खेळाडूंना लांब करारांत बांधून घेतलं, पण त्यांच्याभोवती संघही उभा केला.

आणि थांबायला वेळ नाही, कारण तारखा जुळत नाहीत. माँटगोमेरी आणि टील दोघांवरचा हक्क 2031 पर्यंत आहे. मालकीचं बघा: गुंतवणूकदार जस्टिन इश्बिया यांच्याशी झालेल्या करारानुसार रेन्सडॉर्फ 2029 ते 2033 मध्ये कधीही त्यांना नियंत्रण विकू शकतात, नाहीतर 2034 नंतर इश्बिया ते घेऊ शकतात. म्हणजे नवा मालक येईल, तिजोरी उघडेल, या आशेवर बसलो तर तोवर ही पोरं निघून गेलेली असू शकतात. रेन्सडॉर्फ नव्वदीला टेकलेत. 1917 नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज 2005 मध्ये त्यांच्याच काळात आली, ते ऋण कुणीच नाकारत नाही. पण म्हणूनच त्यांनी हात सैल सोडावा.

डिसेंबर 2025 मध्ये मुनेताका मुराकामीचा करार झाला तेव्हा मी खरंच खूश झालो. जपानमध्ये 2022 ला 56 होम रन मारणारा माणूस, तेव्हा पंचवीस वर्षांचा, दोन वर्षांसाठी 3 कोटी 40 लाख डॉलरमध्ये. पण आमच्याच लोकांच्या चर्चा कुठे सुरू आहेत? तो चालला तर जुलैत, अदलाबदलीची मुदत संपायच्या आत, कुणाला विकायचा आणि बदल्यात किती पोरं मिळतील! अहो, तो चालला तर जुलैत त्याच्या एजंटला फोन करा आणि पुढच्या पाच वर्षांचं बोला. साडेसात कोटींच्या वर जायची हीच वेळ आहे.