हिरवी चिनी बशी विष ओळखत नाही

चीनमधल्या सुंग राजवटीच्या काळातल्या (इ.स. ९६०–१२७९) सेलाडॉन, म्हणजे हिरव्या झिलईच्या चिनी मातीच्या भांड्यांवरचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. विष पडलं की बशीला तडे जातात, झिलईत जेड या हिरव्या रत्नाची पूड असते, तीत अन्न ठेवलं की शुद्ध होतं आणि ही विद्या आता लुप्त झाली आहे, असं त्यात म्हटलंय. तो वाचून माझ्या आत्याने लोणच्यासाठी तसली एक बशी मागवली, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

अन्न शुद्ध होतं हा दावा सगळ्यांत घातक. या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या लोंगछ्वानची अस्सल भांडी १२०० अंशांच्या आसपास भाजलेली असतात आणि त्यांची झिलई म्हणजे निव्वळ काच. तिच्यावर सोमल टाका, ती ढिम्म हलणार नाही. मुघल दरबारातही या बशा विष ओळखतात असा समज होता, हे खरं. पण समज म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय या नावाखाली स्वस्तात काय विकलं जातंय कोण जाणे! कमी आचेवर भाजलेल्या झिलईत शिसं असू शकतं आणि लोणच्याचा आंबट खार ते अन्नात उतरवतो. घरात लहान मुलं असतील तर हा खेळ अजिबात नको.

तडे जातात, पण विषाने नाही. भट्टीतून काढल्यावर झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिच्यावर जाळी उमटते. हे पुढे कित्येक महिने चालू राहतं, गरम आमटी ओतल्यावर टिणकन आवाज होऊन नवी रेघही उमटू शकते. कारागीर ही जाळी मुद्दाम आणत.

जेडचं म्हणाल तर रंग लोहाचा आहे, तोही एक-दोन टक्के लोहाचा. भट्टीत हवा कोंडली की हिरवट-निळा येतो, हवा जास्त झाली की तीच झिलई पिवळट-तपकिरी होते. जाड थरातल्या बारीक बुडबुड्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून ती जेडसारखी भासते. एवढं मान्य करतो की सुंग काळातल्याच ‘रू’ नावाच्या भांड्यांच्या झिलईत अकीक हा दगड घालत, असं १२व्या शतकातल्या चौ हुई या चिनी लेखकाने लिहून ठेवलंय. पण अकीक म्हणजे वाळूतलीच सिलिका, तिने रंग येत नाही.

आणि विद्या लुप्त? लोंगछ्वानमध्ये आजही भट्ट्या पेटतात. तिथल्या भाजण्याच्या पारंपरिक तंत्राला युनेस्कोने २००९ मध्ये जिवंत वारसा म्हणून यादीत घेतलंय.