तळपायाचा सीमाप्रश्न

गेले तीन महिने आमच्या घरात गजर लावावा लागत नाही. पहाटे साडेपाचला मी पलंगावरून उजवा पाय खाली टेकतो, टाचेत खिळा शिरल्यासारखी कळ जाते, तोंडातून "आई गंऽऽ" निघतं आणि पलीकडच्या खोलीतून आई विचारते, "काय रे?"

ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी हाक तिलाच मारली, अशी तिची रोज प्रामाणिक समजूत होते. मग ती उठून दिवा लावते, दिव्याने बायको उठते, आणि दूधवाला यायच्या आधी अख्खं घर माझ्या टाचेकडे बघत बसतं. दहा-पंधरा पावलं चाललं की कळ ओसरते आणि मी माणसात येतो. दिवसभर पुन्हा उभाच. हायस्कुलात भूगोल शिकवतो. भूगोल बसून शिकवता येत नाही, कारण नकाशा भिंतीवर असतो.

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या गल्लीत दुखणं लपवता येत नाही. लंगडत कोपऱ्यापर्यंत गेलो की कट्ट्यावरून विचारणा ठरलेली: "पाय दुखूलालाय व्हय सर?" हो म्हटलं की उपाय सुरू. तापवलेली वीट, तिच्यावर रुईचं पान, त्यावर टाच. मिठाचं गरम पाणी. समोरच्या अण्णांनी तर काटेरी रबरी चपलाच आणून दिल्या. "घाला आणि चाला. रक्त फिरतंय बघा कसं!" त्या घालून मी आमच्या अंगणात दोन पावलं टाकली. पहिल्या पावलाला आई आठवली, दुसऱ्याला सगळं कूळ आठवलं. त्या चपला आता तुळशीमागे आहेत. मांजरसुद्धा त्यांच्यावरून जात नाही.

डॉक्टरांकडे गेलो नाही असं नाही. त्यांनी टाचेच्या आतल्या कडेला अंगठा रोवला, मी खुर्चीसकट उडालो, तेवढ्यावर निदान झालं. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायाखालून एक जाड पट्टा जातो, तो टाचेपाशी ओढला गेलाय. रात्रभर तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. उपाय काय, तर भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून तळपायाखाली फिरवायची, घरात फरशीवर अनवाणी हिंडायचं नाही. "किती दिवस?" मी विचारलं. "महिने म्हणा. वर्षसुद्धा लागतं कधी." सुई नाही, गोळी नाही, फोटो नाही. आमच्याकडे अशा डॉक्टरला कुणी मानत नाही. बायकोनेही मानलं नाही.

दुसऱ्या रविवारी पेपरातून एक पत्रक घरंगळलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, मध्ये एक गुलाबी पाऊल. 'रिफ्लेक्सॉलॉजी शिबिर. ताण, निद्रानाश, थकवा, पाठदुखी. एका बैठकीचे चारशे रुपये.' म्हणजे तळपायावरचे बिंदू दाबून बाकीच्या शरीरावर उपचार. टाचेचं नाव नव्हतं. पण पाऊल होतं म्हणजे टाच त्यात आलीच, असं बायकोचं म्हणणं. तर्कात खोट काढता येईना.

शहापूरच्या बाजूला एका मंगल कार्यालयात हे शिबिर होतं. बाहेर आषाढाची झड, आत लग्नातल्या लाल खुर्च्या ओळीने मांडलेल्या आणि त्यांच्यावर आमच्यासारखी वीसेक माणसं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेली. बाजूच्या काकू बशीतला कुंदा संपवत होत्या. आज पोटाचा बिंदू दाबणार आहेत, मग खाऊन घेतलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

आणि समोर भिंतीवर नकाशा!

मी नंबर विसरलो. सत्तावीस वर्षं नकाशे टांगण्यात गेलेला माणूस. दोन तळपाय शेजारी शेजारी, प्रत्येकावर रंगीत प्रदेश. अंगठ्यात मेंदू. त्याखाली मान. पायाच्या आतल्या कडेने सह्याद्रीसारखा सलग पाठीचा कणा. चवड्यावर फुप्फुसं, खोलगट भागात जठर आणि मूत्रपिंड, टाचेत ओटीपोट. उजव्या पायात यकृत, डाव्यात प्लीहा. नावं कन्नडमध्ये होती, मी अक्षरं जुळवत वाचली: हृदय. मूत्रपिंड. यकृत्तु. माणसाच्या पोटातल्या ऐवजाबद्दल दोन्ही भाषांचं एवढं एकमत असेल असं वाटलं नव्हतं. जे काय भांडण आहे ते कातडीच्या बाहेरचं.

पण पलीकडच्या भिंतीवर दुसरा नकाशा होता. मराठी. आणि त्यातल्या हद्दी जुळत नव्हत्या! कन्नड नकाशात हृदय फक्त डाव्या पायात होतं, मराठीत ते दोन्ही पायांत पसरलेलं. पित्ताशय एका ठिकाणी यकृताच्या पोटात, दुसरीकडे पार खाली सरकलेलं. मी शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, "दोन नकाशांत फरक आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की माझी चूक मला कळली. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून बेळगावात 'दोन नकाशे' हे शब्द हलक्या आवाजात बोलायचे नसतात. 2004 पासून सीमेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. मी पावसावर आलो.

घरी येऊन मात्र यामागचा इतिहास खणून काढला. आमच्या धंद्यात नकाशा कोणी आखला हे आधी बघतात. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे विल्यम फिट्झगेराल्ड, कान-नाक-घशाचे डॉक्टर. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत शरीराचे दहा उभे पट्टे पाडले, एका बाजूला पाच, प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला एक बोट. म्हणजे रेखांशच की! 1917 साली त्यांनी एडविन बॉवर्स यांच्याबरोबर ते पुस्तकात मांडलं. एका पट्ट्यातली वेदना त्याच पट्ट्यात दुसरीकडे दाबून शमवायची, आणि त्यासाठी बोटांना रबरबँड आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. हे मी बायकोला वाचून दाखवलं, ही चूक क्रमांक दोन. पुढे 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी सगळा कारभार पायावर आणला आणि तळपायाचा तपशीलवार नकाशा बनवला. थोडक्यात, रेखांश एकाचे, प्रदेश दुसरीचे.

लोक याहून मागे, इजिप्तपर्यंत जातात. सक्कारा इथे अंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे. त्यात काही माणसं दुसऱ्यांचे हातपाय धरून बसली आहेत. हे उपचार आहेत की नुसती नखं काढणं चाललंय, यावर अजून वाद आहे. पण त्यावर कोरलेल्या मजकुराचा अर्थ मात्र असा लावतात की पाय धरलेला माणूस म्हणतोय, दुखवू नकोस रे. हे वाचून मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

कारण माझा नंबर आला तेव्हा माझ्यापुढे पासष्टीचे, पांढऱ्या मिशांचे, बैलहोंगलकडचे एक आजोबा खाली पाटावर बसले आणि त्यांनी माझ्या पायांना हात घातला.

वडीलधाऱ्या माणसाने आपल्या पायाला हात लावायचा? आपल्याकडे बसमध्ये चुकून कुणाला पाय लागला तरी हात आधी त्याला आणि मग आपल्या छातीला जातो. मी झटक्यात पाय मागे घेतला आणि सवयीने त्यांच्या पाया पडायला वाकलो. ते पाय पकडायला पुढे झुकले होते. कपाळावर कपाळ असं आपटलं की हॉलभर आवाज गेला. मेंदूचा बिंदू अंगठ्यात असेल, पण त्या क्षणी तो मला कपाळातच सापडला.

"कूडरी सर, कूडरी," ते म्हणाले. बसलो. त्यांनी पाय कोमट पाण्यात धुतले, पुसले, खोबरेल लावलं आणि दोन्ही अंगठे सुरवंटासारखे वाकवत तळव्यावरून पुढे सरकवायला सुरुवात केली. खोलगट भागात आले आणि थांबले. "हॉट्टी," पोटाकडे बोट. "काल काय खाल्ला?" बेळगावात हा प्रश्न कुणालाही विचारा, तो कशाची तरी कबुली देतोच. मी भज्यांचं सांगितलं. त्यांनी ज्ञानी माणसासारखी मान हलवली. मग कणा दाबला: "लय उभं राहता." खडू लागलेली बोटं माझ्याच मांडीवर होती, हे मला नंतर सुचलं.

मग अंगठा टाचेवर आला.

एरवी मी बरं कन्नड बोलतो. बाजारात घासाघीस करण्याइतकं, बसमध्ये भांडण्याइतकं. पण मरणाच्या वेदनेत माणूस मातृभाषेतच ओरडतो. मी ओरडलो, "हळूऽऽ! हळू हळू!" आजोबांनी हात थांबवला, प्रेमाने माझ्याकडे पाहिलं, "हाल बेकेन्री?" असं विचारलं आणि मी दम खात मान हलवली. त्यांनी मागे वळून पोराला काहीतरी सांगितलं. मला वाटलं, हळू दाबणारा माणूस बोलावला. पाच मिनिटांनी पोरगा पेलाभर गरम दूध घेऊन आला. कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध. मी तीनदा मागितलं होतं, आजोबांनी एकच आणलं, तेवढा संयम त्यांनी दाखवला. आता नको कसं म्हणायचं? साखर, वेलदोडा, वर साय. प्यालो. बिलात वीस रुपये वाढले.

आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, हसू नका. दूध पोटात गेल्यावर आजोबांनी खरंच हात हलका केला. पावसाचा पत्र्यावर एकसुरी आवाज. फोन बायकोच्या पर्समध्ये. तासाची घंटा नाही, "सर, पाण्याला जाऊ?" नाही. एक माणूस माझे पाय हातात घेऊन गप्प बसलाय आणि त्याला माझ्याकडून उत्तर नको आहे. हे शेवटचं कधी झालं होतं? बहुतेक बारशाच्या आधी. मला झोप लागली. बायको म्हणते मी घोरलो, आणि कुंद्यावाल्या काकूंनी खुर्ची बदलली.

त्या रात्री सलग सात तास झोपलो. सकाळी साडेपाचला पाय टेकला. "आई गंऽऽ!" "काय रे?"

पुढच्या खेपेला डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांना हसू आलं ते दुधाला. म्हणाले, तळपायावरच्या बिंदूने यकृत-मूत्रपिंड सुधारतं असं चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. पण कुणी शांतपणे पाय चोळले की ताण उतरतो, झोप लागते, ते काही खोटं नाही. तेवढ्यासाठी खुशाल जा, बाटली मात्र फिरवत राहा. मग गंभीर होऊन विचारलं, "ते अण्णाही जातात ना? साखरवाले?" अण्णांच्या पायांना मधुमेहाने बधिरपणा आलाय. अशा पायाला जोरात दाबलं, काटे टोचले, पाणी जास्त कढत असलं तरी कळत नाही, आणि जखम झाली की भरता भरत नाही. घरी परतताना मी तुळशीमागच्या चपला उचलल्या आणि कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. अण्णांना सांगितलं, मांजराने नेल्या.

सात बैठकांचं पॅकेज मी घेतलं नाही. अठ्ठावीसशे रुपये, दूध वेगळं. आईने ते ऐकलं आणि माळ्यावरचा डबा काढायला लावला. त्यातून काशाची वाटी निघाली, आजीची. "एवढ्यासाठी शहापूरला गेलास होय? तुझे बाबा रोज घासून घ्यायचे." तळव्याला तूप लावायचं आणि वाटी पालथी धरून गोल गोल घासायची. हळूहळू तळवा काळा पडतो. आई म्हणते, ती अंगातली उष्णता निघते. मी म्हटलं, अगं, काशात तांबं असतं, त्याचं तुपाशी आणि घामाशी जमतं म्हणून काळं होतं. ती म्हणाली, "तू शाळेत शिकव. इथं घास."

म्हणजे तिचे पाय. माझे राहिलेच.

आईच्या पायांना हात लावायला छातीला हात लावावा लागत नाही, एवढी सोय. तिच्या टाचांना भेगा, अंगठा आत वळलेला, करंगळीचं नख नावाला. मी नकाशा आठवून मूत्रपिंड शोधू लागलो. "तिथं काय नाही रे," ती म्हणाली, "टाचेला घे." वाटीचा घरघर आवाज लागला. दहा मिनिटांत ती झोपली. वाटी थांबवली की ती झोपेतच "हं?" करायची, मी पुन्हा सुरू करायचो. असं तीनदा झालं. शेवटी तिचा श्वास एका लयीत लागला तेव्हा मी वाटी अलगद खाली ठेवली, मांडी सोडली आणि उठून उजवा पाय फरशीवर टेकला.

अनवाणी. तासभर बसल्यावरचं पहिलं पाऊल.

'आई गं' मी दातांत धरलं. पण धक्क्याने वाटी लाथाडली गेली आणि फरशीवर गरगरत कोपऱ्यापर्यंत गेली.

"हळू," आई डोळे न उघडता म्हणाली.

आणि स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "साखर घालू का दुधात?"