ज्वालामुखीच्या तोंडाशी किती वेळ थांबावे?

पूर्व जावातील कावा इजेनची निळी ज्योत पाहता यावी म्हणून बालीची सहल लांबवणारे बरेच मराठी ट्रेकर आता भेटतात. मध्यरात्रीनंतर पालतुडिंगहून चढायचे, टॉर्चच्या उजेडात विवरात उतरायचे आणि भेगांतून दाबाने सुटणारा तप्त गंधकी वायू हवेत येताच कसा निळा पेटतो ते पाहायचे, हा अनुभव विलक्षण आहे आणि तो मीही घेतला आहे. माझी हरकत आहे ती त्यानंतरच्या रेंगाळण्याला. ज्योत पाहून झाली तरी मंडळी सूर्योदयापर्यंत, मग आम्लाचे फिरोजी तळे फोटोत नीट येईपर्यंत, विवरातच बसून राहतात.

सह्याद्रीने आपल्याला ही चैन शिकवली आहे. तोही लाव्हाचाच, पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या माथ्यावर खुशाल डबा उघडावा. जपानच्या ओंताकेवर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी, ऐन जेवणाच्या सुमारास माथा गजबजलेला असताना ११ वाजून ५२ मिनिटांनी स्फोट झाला. ५८ जण मृत्युमुखी पडले, ५ जण सापडलेच नाहीत. बहुतेकांचा जीव उडालेल्या दगडांनी घेतला. त्या वेळी इशाऱ्याची पातळी १, म्हणजे सर्वांत खालची होती.

मॅग्मा वर चढू लागला की बहुधा जमीन फुगते, भूकंप वाढतात आणि यंत्रांना चाहूल लागते. खडकात मुरलेले पाणी तापून त्याची वाफ एकाएकी फुटते, तेव्हा मात्र फारच थोडा अवधी मिळतो. ओंताकेवर दोन आठवडे आधी लहान भूकंप वाढले होते खरे, पण स्फोटापूर्वीची सलग कंपने सुरू झाली ती जेमतेम ११ मिनिटे आधी. न्यूझीलंडच्या व्हाकारीवर ९ डिसेंबर २०१९ रोजी ४७ जण होते, त्यांतले २२ दगावले. तिथे तर पातळी २ असूनही सहली चालू होत्या. म्हणून पातळीचा आकडा पाहावा जरूर, पण त्याला हमीपत्र समजू नये. विवरात किती वेळ काढायचा, एवढेच पर्यटकाच्या हातात असते.

इजेनवर सत्तर-ऐंशी किलो गंधकाच्या पिवळ्या ढेपा कावडीने वाहणारा एक कामगार मी जवळून पाहिला. धूर अंगावर येताच तो ओले फडके दातांत धरून पाठ फिरवून स्तब्ध उभा राहिला आणि झोत ओसरल्यावरच पुढे निघाला. आम्ही पर्यटक मात्र खोकत वर पळत होतो, म्हणजे नेमका जास्त श्वास घेत होतो. त्याला तिथे पोटासाठी थांबावे लागते, आपल्यावर तशी वेळ नाही.

तेव्हा सहल ठरवताना, सूर्योदय कुठून दिसेल याच्या आधी, विवरात किती वेळ ठेवणार आणि मुखवटा गंधकी वायू अडवणाऱ्या फिल्टरचा आहे की साधा कापडी, हे विचारावे. वारा फिरला तर गटाला ज्योत न दाखवताच परत फिरवू, असे आधीच बजावणाऱ्या वाटाड्याला मी दोन पैसे जास्त देईन.