झाड खातो म्हणून कोळी काही लाल कोळी होत नाही

तुमची कॉमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं, की बघीरा किपलिंगी हा कोळी झाडावर जगतो, लाल कोळीही (पिकांवरची ती बारीक कीड, इंग्रजीत माइट) झाडावरच जगतो, दोघांना आठ पाय, दोघंही धागा काढतात, मग मी उगाच वेगळे कप्पे पाडतोय, फरक फक्त साइजचा. मला हे अजिबात पटत नाही.

अहो, काय खातो यापेक्षा कसं खातो ते बघा ना. बघीरा हा उड्या मारणारा कोळी, मेक्सिको-कोस्टारिकातला. तिथल्या अकेशियाच्या, म्हणजे बाभळीसारख्या झाडाच्या, पर्णिकांच्या टोकाला प्रोटीनवाले बारीक दाणे येतात, झाड ते मुंग्यांसाठी बनवतं कारण मुंग्या त्याची राखण करतात, आणि हा पठ्ठ्या मुंग्यांना हुलकावणी देत देत जातो, दाणा तोडतो आणि पळतो. २००९ साली हा अभ्यास छापून आला, मेक्सिकोत त्याच्या खाण्यात ९० टक्क्यांच्या वर हेच दाणे निघाले. तरी मधूनच मुंग्यांची अळी उचलतोच, म्हणजे शिकाऱ्याची नजर आणि चपळाई अजून शाबूत आहे. मला तर हा प्राणी फार आवडतो.

लाल कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याच्या तोंडात सुया असतात, त्या पानाच्या पेशीत खुपसून आतला हिरवा रस ओढून घेतो, मग दुसरी पेशी, मग तिसरी, म्हणून तर पानावर ते फिकट ठिपके दिसतात आणि शेवटी पान वाळतं. झाडाने कुणासाठी ठेवलेला खाऊ नाही हा, झाडाचं अंगच खातोय तो.

धाग्याचं म्हणाल तर कोळ्याचा धागा पोटाच्या मागच्या टोकातून निघतो, लाल कोळ्याचा तोंडाजवळून. कोळ्याला कंबर असते, याचं सगळं अंग एकच गोळा. अंड्यातून निघतो तेव्हा तर याला सहाच पाय असतात, आठ नंतर होतात!

आणि "फरक कळून उपयोग काय" असं विचारलंत, तर उपयोग आहेच. दोघांना एकच समजून सिंथेटिक पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक मारलं की लाल कोळ्याला खाणारे मित्रकीटक आणि खरे कोळी आधी मरतात आणि लाल कोळी उलट वाढतो, हे कितीतरी पिकांत दिसलंय. म्हणून फवारणीआधी पान उलटून भिंगातून बघा, कंबर दिसली तर त्याला राहू द्या.