‘रूट कॅनालचा दात म्हणजे तोंडातले प्रेत’ या संदेशाला उत्तर

नागपुरात घराघरांतल्या मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे. रूट कॅनाल केलेला दात म्हणजे तोंडात ठेवलेले प्रेत, त्यातले विष रक्तात उतरून संधिवात, हृदयविकार आणि कर्करोग होतो, म्हणून दुखऱ्या दाढेला लवंगतेल लावावे आणि तरीही थांबले नाही तर ती उपटून टाकावी, असे त्यात म्हटले आहे.

आधी प्रेताचे पाहू. या उपचारात दाताच्या पोटातला सडलेला गर काढतात, मुळांतल्या नळ्या जंतुनाशक द्रावणाने धुतात आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करतात. दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू मात्र जिवंतच राहतात, त्यामुळे अशा दाढेखाली भातातला खडा आला तरी तो तत्क्षणी कळतो.

विषाची कल्पना शंभर वर्षांची जुनी आहे. 1920च्या दशकात वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याने काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवले आणि ससे आजारी पडले म्हणून दोष दाताला दिला; पण त्या प्रयोगांत निर्जंतुकीकरण काटेकोर नव्हते आणि जंतूंची मात्रा अवाजवी होती. पुढे 1938 साली सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या 200 रुग्णांचा अभ्यास मांडला, त्यात दात किंवा टॉन्सिल काढून फायदा झाल्याचे दिसले नाही. तोवर असंख्य लोकांचे वाचण्याजोगे दात गेले होते, याचे मला फार वाईट वाटते. रूट कॅनालमुळे कर्करोग होतो, याला तर कोणताही ग्राह्य पुरावा नाही.

खरी हानी लवंगतेलाच्या सल्ल्याने होते. तेलाने ठणका काही वेळ दबतो. मग आतली नस मेली की दुखणे आपोआप थांबते आणि माणूस बरे वाटले म्हणून निर्धास्त होतो, तर इकडे मुळाच्या टोकाशी पू साठत जातो. मेलेल्या गरात रक्तपुरवठाच नसल्याने नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्या तिथे पोचत नाहीत. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि गळ्यात पसरला तर श्वास कोंडून जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे खर्ऱ्यामुळे, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणामुळे, हा उशीर आणखी महागात पडतो. सुपारीने दाढा झिजून गर उघडा पडतो आणि त्याच सवयीने तोंड उघडणेही कमी होत जाते. दोन बोटेही आत जाईनाशी झाली की मागच्या दाढेपर्यंत उपकरण नेणे अवघड होऊन बसते.

दात मुळापर्यंत उभा चिरला असेल किंवा कॅप (दातावर बसवायचे कृत्रिम आवरण) धरण्याइतकाही उरला नसेल, तर तो काढणेच योग्य. एरवी मात्र तो वाचवावा, कारण काढलेल्या दाताच्या जागेकडे शेजारचे दात कलतात आणि तिथले हाड झिजते.

रूट कॅनाल कधी फसते, हेही खरे आहे. वरच्या पहिल्या दाढेत अनेकदा चौथी, बारीक नळी असते आणि ती सुटली किंवा कॅप वेळेवर बसवली नाही तर जंतू परततात. अशा वेळी बहुतेकदा तेच उपचार पुन्हा करता येतात.